छोटी पिकअप, चौदा वर्षं, ३ लाख १२ हजार किलोमीटर: काय टिकलं, काय बदललं

परवा प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा) क्रॉस, म्हणजे त्याचा वळणारा सांधा, बदलला, वहीत आकडा लिहिला ३,१२,४०० आणि मग तिथेच बसून वही पहिल्या पानापासून चाळली. २०११ ला नवीन घेतलेली गाडी, अडीच लिटर टर्बो डिझेल, कॉमन रेल, पाच गिअर, पुढे टॉर्शन बार, मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग), आणि लिव्हरने पडणारं फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद. माझी रोपवाटिका आहे, त्यामुळे हिने चौदा वर्षं माती, शेणखत, कुंड्या, पाइप, ओल्या गोण्या आणि रोपांचे क्रेट हेच वाहिलंय, चकाचक अशी ती पहिल्या महिन्यानंतर कधी राहिलीच नाही. कंपनीचं नाव घेत नाहीये कारण मला जे सांगायचंय ते या मापाच्या बहुतेक सगळ्या गाड्यांना लागू पडतं. टोयोटाची हायलक्स १९६८ पासून आहे, मित्सुबिशीची एल२०० १९७८ पासून, अमेरिकेतली फोर्डची रेंजर १९८३ च्या मॉडेलपासून, आणि सगळ्यांचा सांगाडा मुळात एकच, खाली शिडीसारखी चेसिस, तिच्यावर वेगळी केबिन, वेगळा हौदा, आणि मागे पाट्यांवर बसलेला अख्खा अ‍ॅक्सल.

निकाल आधीच सांगून टाकते, गाडी उत्तम आहे, परत घ्यायची वेळ आली तर हाच प्रकार घेईन. इंजिनचं हेड आजपर्यंत काढलेलं नाही, ऑइल खात नाही, थंडीत पण एका सेल्फमध्ये सुरू होते. पण एवढ्या वर्षांत मला एक गोष्ट अगदी पक्की कळली की पिकअप इंजिनमुळे मरत नाही, ती खालून मरते. पाटे, बुश, क्रॉस, बॉल जॉइंट, ब्रेकच्या लाइनी आणि सगळ्यात शेवटी चेसिस. आणि घेताना विकताना सगळे बॉनेट उघडून इंजिनचाच आवाज ऐकत उभे असतात, खाली वाकून कोणी बघत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण चांगल्या इंजिनाच्या कितीतरी पिकअप नुसत्या खालून सडल्या म्हणून भंगारात गेलेल्या मी पाहिल्यात.

तरी इंजिनचं थोडक्यात सांगते. मॅन्युअलमध्ये ऑइल १० हजारला लिहिलंय, मी साडेसात हजारला बदलते, कारण त्याच मॅन्युअलमध्ये पुढे बारीक अक्षरात जड वापराचं वेगळं कोष्टक आहे आणि धूळ, लोड, छोट्या छोट्या फेऱ्या हे सगळं त्यात बसतं. ते कोष्टक बहुतेक लोक वाचतच नाहीत. टायमिंग बेल्ट माझ्या गाडीला दीड लाखाला आहे, काही इंजिनांना एक लाख किंवा त्याच्याही आधी असतो, काहींना बेल्ट नसून चेन असते, तेव्हा आपापलं पुस्तक बघायचं. पण किलोमीटर झाले नाहीत म्हणून बेल्ट दहा दहा वर्षं ठेवू नका, रबर वयाने पण जातं, आणि अशा इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात, मग हेडचं काम निघतंच. बेल्टबरोबर टेन्शनर आणि आयडलर पण नवीन टाकायचे, वॉटर पंप बेल्टवरच फिरत असेल तर तो पण, कारण तिथपर्यंत पोचायला जेवढं उघडावं लागतं ते काम परत कोणाला हवंय. मी दोनदा बदललाय, १ लाख ४८ हजारला आणि २ लाख ९६ हजारला.

ईजीआर व्हॉल्व्ह १ लाख ६० हजारला साफ केला. गाडीची ओढ कमी झाली होती, चढावर काळा धूर. हा व्हॉल्व्ह जळलेला वायू थोडा परत इंजिनात सोडतो, त्या वायूतली काजळी आणि ब्रीदरमधून (वाफ सुटायच्या तोंडातून) येणारी ऑइलची वाफ एकत्र झाली की मॅनिफोल्डमध्ये डांबरासारखा थर बसतो. आमच्या मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हरने खरवडून दाखवला तेव्हा भोकाचा निम्मा भाग बंद झालेला होता. ज्यांची गाडी रोज दोन तीन किलोमीटरच्याच फेऱ्या मारते त्यांना हा त्रास लवकर होतो, मधून मधून लांब, गरम होऊन चालू द्यायला हवी. नवीन गाड्यांमध्ये डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आहे, त्यांना तर हे अजूनच लागू आहे.

आता डिझेल फिल्टर, हा माझ्या अगदी जिव्हाळ्याचा विषय. फिल्टरच्या खाली पाणी सोडायचा नट असतो, बहुतेकांना माहीतच नसतो. मी दर पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि मधेही एकदा खाली काचेची बरणी धरून तो नट दोन आटे सैल करते आणि कपभर डिझेल सोडते. मग बरणी दहा मिनिटं तशीच उन्हात ठेवायची. डिझेल वर राहतं, पाणी तळाशी जातं, मधली रेघ स्पष्ट दिसते. एका वर्षी बोटभर पाणी निघालं होतं आणि त्यात तांबूस गाळ, म्हणजे टाकीत आतून गंज सुरू झालाय. टाकी उतरवून साफ केली. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या नोझलना डिझेल देणाऱ्या एकाच नळीत, दाब हजार बारच्या वर जातो आणि नोझलची भोकं केसाएवढी बारीक, तिथे पाण्याचा एक थेंब पण काय करू शकतो याची कल्पना करा. फिल्टर मी २० हजारला बदलते. माझे चारही नोझल २ लाख ४० हजारपर्यंत कंपनीतून आलेलेच होते, तेव्हा एक रिटर्नमध्ये, म्हणजे उरलेलं डिझेल टाकीत परत नेणाऱ्या नळीत, जास्त डिझेल सोडायला लागला. मिस्त्रींनी चारही नोझलच्या रिटर्नला चार नळ्या लावून चार बाटल्यांत डिझेल घेतलं, तीन बाटल्या सारख्या आणि एक दुपटीने भरलेली, तेवढ्यावर दुखणं कळलं. कोणी चारही नोझल एकदम बदला म्हणालं तर आधी ही टेस्ट करायला सांगा.

खालचं काम म्हणजे ग्रीस, तिथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय. माझ्या गाडीला प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आणि सरकणारा स्प्लाइन धरून सात निपल (ग्रीस भरायची तोंडं) आहेत. दर ५ हजारला, आणि गाडी पाण्यात चिखलात उतरली असेल तर त्याच आठवड्यात, मी स्वतः ग्रीस मारते. आधी निपल कापडाने पुसायचा, नाहीतर बाहेरची माती आपणच आत ढकलतो. मग गन लावून हळूहळू दाबायचं. क्रॉसच्या चारी टोकांना सुयांच्या बेअरिंगची टोपणं असतात, त्यांच्या सीलमधून आधी जुनं काळपट ग्रीस येतं, मग नवीन दिसायला लागतं, तिथे थांबायचं. चार पैकी एका टोपणातून काहीच येत नसेल तर त्या बाजूचा मार्ग बंद आहे, ते सोडून द्यायचं नाही, शाफ्ट थोडा फिरवून, हलवून परत मारायचं. मला २ लाखाच्या आसपास असंच एक टोपण दाद देत नव्हतं आणि मी घाईत सोडून दिलं. तीन महिन्यांनी गाडी हळू चालली की खालून चिमणीसारखा आवाज, चीं चीं चीं, आणि गिअर टाकताना ठक्. उघडलं तर त्या टोपणातल्या सुया राहिल्याच नव्हत्या, नुसती विटकरी रंगाची पूड. बाकीची तीन टोपणं नव्यासारखी. तो क्रॉस मी अजून टेबलावर ठेवलाय, भावाला दाखवायला उपयोगी पडतो, तोही हीच गाडी चालवतो.

परवाचा क्रॉस मात्र वयाने गेला, १ लाख १० हजार चालला, त्याच्याबद्दल तक्रार नाही. शाफ्ट काढताना दोन्ही फ्लँजवर पंचने खूण करायची, परत त्याच खुणेवर बसवायचा, नाहीतर साठच्या पुढे गाडी थरथरते.

पाटे. इथे माझ्यावर एक प्रसंग गुदरलाय आणि तो सविस्तर सांगते, कारण ही चूक फार सर्रास होते. २०१७ मध्ये मागच्या डाव्या बाजूचा दुसरा पाटा मोडला. आमचे नेहमीचे मिस्त्री नव्हते, म्हणून दुसऱ्या एका गॅरेजला गेले. मी तिथे उभी होते, म्हटलं, "दादा, यू-बोल्ट पण नवीन टाका." तर म्हणाले, "ताई, जुने चांगले मजबूत आहेत, उगाच कशाला खर्च." मी गप्प बसले. यू-बोल्ट म्हणजे पाटे आणि अ‍ॅक्सल एकत्र आवळून धरणारा यू आकाराचा बोल्ट, तो कसताना ताणला जातो, त्याचे आटे एकदा दाबात बसले की परत तेवढी पकड देत नाहीत, म्हणून ते एकदाच वापरायचे असतात. दुसरं म्हणजे नवीन पाटे थोडे चालल्यावर एकमेकांत बसतात आणि जाडी किंचित कमी होते, म्हणून पाचशे ते हजार किलोमीटरनंतर यू-बोल्ट परत टॉर्कने कसावे लागतात. ते कोणी सांगितलं नाही आणि मला तेव्हा माहीत नव्हतं. साधारण सहाशे किलोमीटर झाले असतील, ओलं खत भरून येत होते, एका खड्ड्यात गाडी आदळली आणि मागून जाड लोखंड तुटल्यासारखा आवाज आला. स्टिअरिंग एका बाजूला तिरकं धरलं तरच गाडी सरळ जायला लागली. उतरून मागे उभी राहून बघितलं तर डावं चाक चाकाच्या कमानीत पुढे सरकलेलं, उजवं जागेवर. यू-बोल्ट ढिले झाले, सगळा भार मधल्या सेंटर बोल्टवर आला, बोटाएवढा बोल्ट तो, कापला गेला, आणि अ‍ॅक्सल पाट्यावरून सरकला. वेग कमी होता म्हणून निभावलं. तेव्हापासून पाट्याचं काम असेल तर यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट मी आधी आणून हातात देते, हजारच्या आत परत कसून घेते आणि नटावर रंगाची रेघ मारते, रेघ सरकली की लगेच कळतं.

पाट्यांचंच अजून एक. लोड जास्त असतो म्हणून लोक जादा पाटा टाकतात, मी पण टाकला होता, मागची गाडी वर उचलली गेली, छान वाटलं. पण माझ्या गाडीत मागच्या अ‍ॅक्सलपासून चेसिसवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत एक बारीक दांडी जाते. मागे भार पडला की चेसिस खाली बसते, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो, गाडी रिकामी असेल तर कमी, म्हणजे मागची चाकं लॉक होत नाहीत. आता जादा पाट्याने मागची बाजू उंच राहिली तर त्या व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामीच आहे. म्हणजे टनभर माल भरलाय आणि मागचे ब्रेक अर्धवट. मला ते पुढच्या पॅडवरून कळलं, एकदम निम्म्या आयुष्यात संपले. दांडी अ‍ॅडजस्ट करून घेतली आणि पुढे तो पाटाच काढून टाकला. ही दांडी चिखलाने जाम पण होते, वर्षातून एकदा हाताने हलवून बघायची. नवीन गाड्यांमध्ये हे काम एबीएसबरोबर (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) इलेक्ट्रॉनिक पद्धतीने होतं, तिथे दांडी नसते.

आणि लोडचं मी स्पष्टच बोलते. हौदा भरला म्हणजे गाडी भरली असं नसतं, गाडी त्याच्या खूप आधी भरलेली असते. माझा हौदा आतून साधारण दीड मीटर बाय दीड मीटर आणि साधारण हातभर खोल, ४५ सेंटीमीटर, म्हणजे एक घनमीटर झालं. एक घनमीटर कोरडी वाळू साधारण १,६०० किलो, ओली असेल तर अजून जास्त. गाडीची क्षमता आहे टनभर, आणि त्या टनात केबिनमध्ये बसलेली माणसं पण धरायची असतात, चार जण बसले की तीनशे किलो तिथेच गेले. म्हणजे काठोकाठ वाळू भरली तर दीडपट दुप्पट ओव्हरलोड. गाडी जाते, इंजिनला कळत पण नाही, पण मागचं बेअरिंग, पाट्याचा शॅकल, टायरची बाजू आणि चेसिसला जिथे पाट्याचं ब्रॅकेट जोडलंय ती जागा, या सगळ्यांना कळतं. मी माती भरताना आता हौद्याच्या आत अर्ध्यावर पांढरी रेघ मारलीये, त्या रेघेच्या वर माती जात नाही. आणि जड वस्तू मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे, केबिनकडे ठेवायची, फाळक्याजवळ ठेवली तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग तरंगतं.

आता चेसिस. बऱ्याच पिकअपची चेसिस आतून पोकळ पेटीसारखी असते आणि तिला भोकं असतात. त्या भोकांतून चिखल आत जातो, तिथेच बसतो, वरून वाळलेला आणि आत महिनाभर ओला. गंज आतून बाहेर येतो, बाहेर रंग फुगलेला दिसेपर्यंत पत्रा निम्मा खाल्लेला असतो. समुद्राजवळ किंवा बर्फासाठी मीठ टाकतात अशा रस्त्यांवर हे अजून वेगाने होतं. हे काही फक्त स्वस्त गाड्यांचं दुखणं नाही, अमेरिकेत टॅकोमा, टुंड्रा आणि सिक्वोया या गाड्यांच्या चेसिसच्या गंजावरून कोर्टात दावा झाला होता आणि टोयोटाने २०१६ मध्ये तडजोड मान्य केली, साधारण १५ लाख गाड्यांचा प्रश्न होता. म्हणजे ज्यांची इंजिनं पाच पाच लाख चालतात असं लोक सांगतात त्यांनाही चेसिसच्या गंजाने सोडलं नाही.

मी दरवर्षी पावसाळा संपला की गाडी स्टँडवर घेते, निव्वळ जॅकवर कधीही नाही, आणि छोटी हातोडी घेऊन खाली झोपते. पुढून मागे हातभर अंतरावर ठोकत जायचं. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, घंटेसारखा. आत माती असेल तर आवाज दबका येतो, आणि गंज असेल तर ठप्प, आणि हातोडी किंचित बुडाल्यासारखी वाटते, एकदा हात बसला की चुकत नाही. नवव्या वर्षी मागच्या उजव्या पाट्याच्या पुढच्या ब्रॅकेटपाशी तसा आवाज आला. वायर ब्रशने घासलं तर रंगाचा पापुद्रा आणि त्याखाली चकत्या चकत्या. दोन बोटं रुंद जागा होती. सडलेला भाग कापून आत प्लेट घालून वेल्डिंग करून घेतलं, नुसता वरून तुकडा चिकटवला नाही. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढायला विसरू नका, नाहीतर अल्टरनेटर आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जाऊ शकतो. अजून दोन वर्षं मी हातोडी फिरवली नसती तर ती जागा गेलीच असती आणि तिच्याबरोबर गाडी.

आता काय करते तर प्रत्येक चिखलाच्या खेपेनंतर पाइप चेसिसच्या भोकात घालून आतून धुते, खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत. दोन दिवस उन्हात वाळवायचं. मग वर्षातून एकदा मेणासारखा येणारा स्प्रे लांब नळीने आत मारते. रबरासारखं जाड काळं कोटिंग असतं ते गंज चढलेल्या चेसिसवर मारू नका, ते वरून सुंदर दिसतं पण कुठे तडा गेला की पाणी आत शिरतं आणि तिथेच अडकतं, खाली काय चाललंय ते दिसतही नाही.

हौद्यासाठी एक, खत वाहणाऱ्यांनी हे नीट वाचा. रासायनिक खताची गोणी फाटून सांडली आणि ओली झाली तर ती मीठच आहे, पत्र्याला आणि बोल्टला खाते. मी पहिली तीन वर्षं निष्काळजीपणा केला आणि हौद्याच्या कोपऱ्यात भोकं पडली. कोपऱ्यातली पाणी जायची भोकं काडीने मोकळी ठेवा, आणि रबरी मॅट टाकली असेल तर ती उचलून खाली वाळवा, मॅटखालचं पाणी उघड्या पावसापेक्षा जास्त नुकसान करतं.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी. ते हवेतला ओलावा शोषून घेतं, डॉट ४ ताजं असताना २३० अंशाच्या वर उकळतं, ओलावा शिरल्यावर १५५ अंशाला उकळलं तरी ते मानकात बसतं. भरलेली गाडी लांब उतार उतरताना ब्रेक तापले आणि ऑइल उकळलं की लाइनमध्ये वाफ होते आणि पॅडल थेट खाली. उतार ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचा. मागचे ड्रम मी २० हजारला उघडून धूळ पुसून घेते, अ‍ॅडजस्टर मोकळा आहे का बघते, तो जाम झाला की हँडब्रेक लांब येतो आणि पुढच्या पॅडवर सगळा भार.

गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं (वळताना चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच) ऑइल लोक आयुष्यभर बदलत नाहीत. मी ४० हजारला बदलते. माझ्या गाडीला गिअरबॉक्समध्ये जीएल-४ आणि मागच्या डिफरन्शियलमध्ये जीएल-५ लागतं, दोन्हीकडे एकच ओतू देऊ नका, जीएल-५ मधली काही रसायनं गिअर अलगद पाडणाऱ्या सिंक्रोच्या पितळी रिंगला चांगली नसतात. आणि ऑइल सोडायच्या आधी भरायचा नट उघडतो का ते बघायचं, आधी सगळं सोडून दिलं आणि वरचा नट उघडलाच नाही तर गाडी तिथेच उभी.

फोर बाय फोर माझं साधं आहे, मधे डिफरन्शियल नाही, म्हणून कोरड्या डांबरी रस्त्यावर ते टाकून वळणं घ्यायची नाहीत, पुढची मागची चाकं वेगवेगळं अंतर जातात आणि तो सगळा पीळ शाफ्टवर बसतो. पण वापरतच नाही म्हणून सोडून पण देऊ नका. मी महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर तीन चार किलोमीटर टाकते, आतलं ऑइल फिरतं, लिव्हर मोकळा राहतो. चौदा वर्षांत ट्रान्स्फर केसचं (पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या पेटीचं) काही काम निघालेलं नाही.

क्लच पहिला १ लाख ७५ हजारला गेला, दुसरा अजून आहे. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम. बॉल जॉइंट दोनदा, टॉर्शन बारच्या आर्मचे बुश एकदा, स्टेबिलायझरचे रबर तर मी मोजत नाही. टायर सहावा संच चालू आहे. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, समजा ३२१९, म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा, स्टेपनीचा पण बघा, माझी मूळची स्टेपनी नक्षी शाबूत असून अकराव्या वर्षी बाजूने चिरलेली निघाली. हवेचं प्रेशर दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं, मागच्या चाकांना रिकाम्याचं वेगळं आणि लोडचं वेगळं.

बॅटरी तीन झाल्या, अल्टरनेटरचे ब्रश एकदा. एसी, सीट, टेप याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, सीट कामाच्या गाडीची आहे, लांब गेलं की कंबर धरते. रिकामी असताना मागून उडते, ती या बनावटीची सवय आहे, पाटे टनाला बनवलेत, एकट्या माणसाला मऊ लागणार नाहीत.

जुनी घ्यायचीय म्हणून मला विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगते की बॉनेट शेवटी उघडा. आधी टॉर्च आणि हातोडी घेऊन मागच्या पाट्यांच्या ब्रॅकेटपाशी वाका, मालक हातोडी मारू देत नसेल तर तिथूनच परत या. मग सपाट जागेवर गाडीच्या मागे दहा पावलं उभं राहून बघा दोन्ही चाकं कमानीत सारखी बसलीयेत का. मग दोन्ही ड्रमच्या आतल्या बाजूला बोट फिरवा, ओलं लागलं तर अ‍ॅक्सलचं सील गळतंय. इंजिन थंड असताना सुरू करून ऐका, गरम करून ठेवलेली गाडी काहीच सांगत नाही. आणि वही आहे का विचारा, बिलं नसली तरी हाताने लिहिलेली वही चालते, ज्याने वही ठेवलीये त्याने बाकीचं पण केलेलं असतं असा माझा अनुभव आहे.

भाऊ म्हणतो आता विकूया, नवीन घेऊया, त्याचं बरोबर असेलही, नवीन गाडीत एअरबॅग आहेत, एबीएस आहे, आणि त्या बाबतीत मी माझ्या गाडीला अजिबात झुकतं माप देणार नाही. पण सध्या तरी ती रोज सकाळी जाते. परवा क्रॉसचं काम करताना मागच्या डाव्या ड्रमच्या आत मलाच ओलं लागलं. सील आणून केबिनमध्ये ठेवलंय, पण रविवारी ड्रम उघडायच्या आधी अ‍ॅक्सलच्या वरचा ब्रीदर काढून फुंकून बघणार आहे, तो चिखलाने बंद असेल तर आत दाब होऊन नवीन सीलही महिन्यात गळेल.